आजेसासूबाईंची पेटी आणि साडेतीन टनांची मर्यादा

गेल्या वर्षी एप्रिल महिन्यात आम्ही आमचे मोटरहोम, म्हणजे आत राहण्याची सोय असलेली गाडी, पहिल्यांदा वजनकाट्यावर नेले, तेव्हा हातात आलेल्या पावतीवर ३,५८० किलो असा आकडा होता आणि गाडीची कायदेशीर मर्यादा ३,५०० किलो होती. गाडीत आम्ही दोघे होतो, आमची म्हातारी मेंढपाळ कुत्री होती, शंभर लिटर पाण्याने काठोकाठ भरलेली टाकी होती, गॅसचे दोन सिलिंडर होते, आणि मागच्या पलंगाखाली माझ्या आजेसासूबाईंची लाकडी पेटी होती. स्कॉटलंडमध्ये पर्थशायरमधल्या आमच्या बारा एकरांवर सव्वीस वर्षे आम्ही दर हंगामात कोकरांची वजने केली, कोणते विकायचे आणि कोणते ठेवायचे हे त्या आकड्यांवर ठरवले; पण स्वतःच्या संसाराचे वजन करून त्यातले काय ठेवायचे आणि काय काढायचे हे ठरवण्याची वेळ आमच्यावर तोवर कधी आली नव्हती.

अर्धे पाणी ओतून दिले, एक सिलिंडर उतरवला, तरीही मागच्या आसावरचा भार हवा तेवढा उतरेना. घोंगड्यांनी भरलेली ती पेटी एक्केचाळीस किलोंची होती. यजमानांनी ती कोणाची मदत न घेता बाहेर काढली, ताडपत्रीत गुंडाळली आणि गोठ्यामागच्या खोलीत नेऊन ठेवली. ते काही बोलले नाहीत. मला मात्र ती गोष्ट दिवसभर लागून राहिली, कारण आमच्या घरातली सर्वांत जास्त प्रवास केलेली वस्तू तीच होती, आणि आम्ही प्रवासाला निघताना नेमकी तीच मागे ठेवत होतो.

आजेसासूबाई स्कॉटलंडच्या वायव्येकडच्या लुईस बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका क्रॉफ्टर, म्हणजे जमिनीचा लहान तुकडा कुळाने कसणाऱ्या, कुटुंबातल्या. पहिल्या महायुद्धानंतरच्या वर्षांत, बेटावरच्या इतर अनेक मुलींप्रमाणे, त्या हेरिंग माशांच्या मागे जात असत. उन्हाळ्याच्या सुरुवातीला शेटलंडमधले लेरविक, मग मुख्य भूमीवर फ्रेझरबर्ग किंवा पीटरहेड, आणि पानगळीच्या दिवसांत थेट इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरचे यारमथ, असा मासेमारी होड्यांबरोबर दक्षिणेकडे सरकणारा तो हंगाम असे. तीन-तीन मुलींची टोळी असे. दोघींनी सुरीने मासे साफ करायचे आणि तिसरीने ते मिठाच्या थरांबरोबर पिंपात रचायचे. सुरीची जखम झाली की तिच्यात मीठ जाई, म्हणून त्या कामाला बसण्याआधी प्रत्येक बोटाला कापडाच्या चिंध्या बांधत. प्रत्येकीजवळ एकच पेटी असे, तिला तिकडे ‘किस्ट’ म्हणतात, आणि कपडे, अंथरूण, विणकाम, घरून आलेली पत्रे असा सहा महिन्यांचा सगळा संसार तिच्यात मावावा लागे. आमच्या पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने बंदरांची नावे आणि त्यांच्यापुढे वर्षे लिहिलेली आहेत. शेवटची नोंद यारमथ, १९२४ अशी आहे. त्यानंतर त्यांचे लग्न झाले आणि क्रॉफ्ट सुरू झाला.

क्रॉफ्ट म्हणजे नुसते छोटे शेत नव्हे, आणि हे मला स्वतःला सून म्हणून या घरात आल्यावर कितीतरी वर्षांनी नीट कळले. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून स्कॉटलंडच्या उत्तर आणि पश्चिम भागातल्या जमीनदारांनी दऱ्याखोऱ्यांतली जुनी गावे उठवली, तिथे मोठ्या प्रमाणावर मेंढ्या पाळल्या आणि माणसांना खडकाळ किनाऱ्यावर जमिनीचे लहान लहान तुकडे दिले. ते तुकडे मुद्दाम अपुरे ठेवलेले होते. नुसत्या शेतीवर पोट भरू लागले असते तर समुद्रशेवाळ गोळा करून, जाळून त्याची राख करण्याच्या कामाला मजूर मिळाले नसते. आणि त्या राखेच्या व्यापारात जमीनदारांना मोठा पैसा होता. नेपोलियनची युद्धे संपल्यावर तो व्यापार बसला, १८४६ पासून बटाट्यावर करपा पडला, आणि अपुऱ्या जमिनीवर अडकलेली माणसे उपाशी राहिली किंवा समुद्रापलीकडे गेली. १८८२ साली स्काय बेटावरच्या ब्रेजच्या लोकांनी बेदखलीच्या नोटिसा स्वीकारायला नकार दिला, पोलिसांशी झटापट झाली, चौकशी आयोग नेमला गेला, आणि १८८६ च्या कायद्याने क्रॉफ्टरला अखेर वहिवाटीचे संरक्षण, वाजवी खंड आणि वारसाहक्क मिळाला. कूळकायद्याचे मोल ज्यांच्या घरात कोणी कूळ होते त्यांना वेगळे समजावून सांगावे लागत नाही. आमच्या घरात त्या सालाचा उच्चार अजूनही जन्मसालासारखा होतो.

क्रॉफ्टचा हक्क साधारणपणे एकाच वारसाकडे जातो, कारण तुकड्याचे आणखी तुकडे झाले तर काही उरत नाही. थोरल्या मुलाला क्रॉफ्ट मिळाला. धाकटे, म्हणजे माझे सासरे, कामासाठी मुख्य भूमीवर आले आणि येताना आईची पेटी घेऊन आले. आज तो क्रॉफ्ट माझे चुलत दीर पाहतात. यजमानांच्या मनातून जमिनीची ओढ काही गेली नाही, आणि म्हणून आम्ही पर्थशायरमध्ये ते बारा एकर घेतले, तीस-एक मेंढ्या, कोंबड्या आणि भाजीपाला असा संसार मांडला.

गेल्या दोन वर्षांत कितीतरी ओळखीच्यांनी आम्हाला हळहळून विचारले की एवढी मातीशी बांधलेली माणसे तुम्ही, कळप विकून चाकांवरच्या घरात कशी काय राहायला लागलात. प्रश्न प्रेमाने विचारलेला असतो, पण त्यामागची समजूत मला मान्य नाही. क्रॉफ्टर कधीच बारा महिने एका जागी बांधलेला नव्हता. पुरुष मासेमारीला, सैन्यात किंवा व्यापारी जहाजांवर जात. मुली हेरिंगच्या मागे जात. आणि घरी राहिलेल्या बायका आणि मुले उन्हाळ्याच्या सुरुवातीला गुरे घेऊन वरच्या माळरानावर जात. तिथे दगडाच्या आणि मातीच्या ढेपांच्या लहानशा झोपड्या असत, त्यांना ‘शीलिंग’ म्हणतात. गावाजवळची पिके गुरांपासून वाचावीत आणि गुरांना वरचे ताजे गवत मिळावे म्हणून ते सहा-आठ आठवडे तिथेच राहत, दूध काढत, लोणी आणि चीज करत, आणि मग परतत. वर्षातला सर्वांत आनंदाचा काळ तोच, असे सासरे आपल्या आईच्या शब्दांत सांगायचे.

बारा महिने एका जागी खिळून राहण्याची रीत क्रॉफ्टची नसून आम्ही पाळलेल्या शेतीची होती. क्रॉफ्टच्या गावाला सामाईक गायरान असते, त्यात कोणी किती जनावरे सोडायची याचा वाटा ठरलेला असतो, मेंढ्या खाली आणायच्या आणि लोकर कातरायची ती सगळ्यांनी मिळून, आणि एखादा बाहेरगावी गेला तर शेजारी त्याच्या जनावरांकडे पाहतो. आमच्याकडे कुंपण होते, मेंढ्या होत्या, पण तसे गाव नव्हते. मेंढ्या विण्याच्या दिवसांत रात्री दर तीन तासांनी कंदील घेऊन गोठ्यात जायचे, हिवाळ्यात गोठलेल्या हौदावरचा बर्फ सकाळ-संध्याकाळ फोडायचा, आणि त्यात एकाने घर सोडायचे तर दुसऱ्याने थांबायचे. सव्वीस वर्षांत आम्ही दोघे एकाच वेळी घराबाहेर झोपलो अशा रात्री मी मोजल्या आहेत. त्या चार आहेत, आणि त्यांतल्या दोन सासऱ्यांच्या अंत्यविधीच्या आहेत.

कळप विकला तो दिवस मी लांबवून सांगणार नाही. स्थलांतराचे कागद भरले, कानातले बिल्ले तपासले, आणि शेजारच्या तालुक्यातल्या एका तरुण जोडप्याने सगळ्या एकतीस मेंढ्या एकत्र नेल्या, याचे समाधान वाटले. पैशात थोडी बचत घालून आम्ही सहा मीटर लांबीचे, आठ वर्षे वापरलेले मोटरहोम घेतले.

गाडी निवडताना वयाचा विचार करावा लागला, आणि आमच्या वयाच्या वाचकांसाठी तो इथे नोंदवते. ब्रिटनमध्ये १ जानेवारी १९९७ पूर्वी मोटारीची परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांना ७,५०० किलोंपर्यंतचे वाहन चालवता येते, त्यानंतरच्यांना सहसा ३,५०० किलोंपर्यंतच. आम्ही दोघेही पहिल्या गटातले. पण सत्तराव्या वर्षी परवान्याचे नूतनीकरण करावे लागते, पुढे दर तीन वर्षांनी करावे लागते, आणि जड वाहनाचा हक्क टिकवायचा असेल तर डॉक्टरांकडून स्वतंत्र तपासणीचा अर्ज भरून घ्यावा लागतो. यजमान एकाहत्तर वर्षांचे आहेत. उद्या एखाद्या तपासणीत काही निघाले आणि गाडी दारात उभी राहिली तर काय, हा प्रश्न आम्हाला नको होता, म्हणून आम्ही साडेतीन टनांचीच गाडी घेतली. त्या निर्णयाची किंमत मग वजनात मोजावी लागते. कारखान्यातून निघालेल्या गाडीचे वजन आणि तिची मर्यादा यांत जेमतेम तीन-साडेतीनशे किलोंचे अंतर असते, आणि बाहेर उघडणारे कापडी छत, सौरपट्टी, सायकलींचा कठडा असे काही बसवले की तेही आक्रसते. विक्रेते या आकड्याविषयी स्वतःहून फारसे बोलत नाहीत. आम्ही ज्याच्याकडून गाडी घेतली त्याने तर विचारल्यावरही हात झटकले. खरेदीआधीच गाडी काट्यावर न्यावी, भरलेली न्यावी, आणि पुढच्या व मागच्या आसाचे वजन वेगळे करून घ्यावे, असे मी आता प्रत्येकाला आग्रहाने सांगते.

बाकी या घरात राहणे आम्हाला शिकावे लागले नाही. पाणी मोजून वापरायचे, सांडपाणी कुठे जाते याचा विचार करायचा, उद्या ऊन असेल की नाही हे पाहून आज दिवा किती वेळ जाळायचा ते ठरवायचे, या सवयी शेतावरच्याच. थंडीत ब्यूटेन गॅस शून्य अंशाच्या आसपास सिलिंडरमधून बाहेर येईनासा होतो, म्हणून आम्ही प्रोपेनच वापरतो; साध्या शिशाच्या बॅटरीचा साठा निम्म्याच्या खाली जाऊ देत नाही; आणि पहिल्या कडक थंडीच्या आधी टाकी आणि नळ्या पूर्ण रिकाम्या करून तोट्या उघड्या ठेवतो. लुईसवरच्या आर्नोल गावात बेचाळीस नंबरचे जुने ‘ब्लॅकहाउस’ जतन केलेले आहे, १९६६ पर्यंत त्यात कुटुंब राहत होते. जाड दुहेरी भिंती, धुराडे नाही, मधोमध पीटचा (दलदलीतल्या कुजलेल्या वनस्पतींच्या, कापून वाळवलेल्या मातीचा) विस्तव, आणि एकाच छपराखाली एका टोकाला माणसे, दुसऱ्या टोकाला गुरे. त्यात उभी राहिले तेव्हा मला पहिल्यांदा जाणवले की प्रत्येक वस्तूला एकच ठरलेली जागा असणे ही गरिबीची खूण असली तरी ती एक विद्याही आहे.

पहिला प्रवास आम्ही मुद्दाम सदरलंडच्या स्ट्रॅथनेव्हर खोऱ्यात केला. तिथे रोझल नावाचे गाव होते, १८१४ ते १८१८ या काळात ते रिकामे करण्यात आले. जमीनदारांचा कारभारी पॅट्रिक सेलर याच्यावर घरे जाळल्याप्रकरणी १८१६ साली इनव्हर्नेसला खटला चालला आणि तो निर्दोष सुटला. आज तिथे वनखात्याच्या झाडांनी वेढलेली एक मोकळी हिरवी जागा आहे. घरांचे पाये गुडघ्याएवढे, धान्य वाळवण्याच्या भट्टीचा गोल खळगा, आणि जमिनीवर उंच-सखल पट्टे, म्हणजे एकेकाळचे वाफे. यजमान एका घराच्या पायाची लांबी पावलांनी मोजत गेले आणि मग परत येऊन म्हणाले, “आपल्या गाडीच्या तिप्पट आहे.” आम्ही बराच वेळ तिथे बसलो. इथून माणसे निघाली ती स्वतःच्या मनाने निघाली नव्हती, आणि त्यांना परतायची वाट ठेवलेली नव्हती. आमच्या खिशात घराची किल्ली होती. शीलिंगला जाणारी बाई परतण्यासाठी जाते. जाणे या एकाच क्रियापदाखाली या दोन गोष्टी घालू नयेत, असे मला तेव्हापासून फार वाटते.

तिथून उलापूलच्या बंदरात येऊन, फेरीबोटीने पावणेतीन तासांत लुईसवरचे स्टॉर्नोवे. चुलत दिरांनी घरामागे गाडी उभी करायला सपाट जागा काढून ठेवली होती, आणि पहिल्याच संध्याकाळी त्यांनी एका विषयावर तळमळीने बोलायला सुरुवात केली. गेल्या काही वर्षांत बेटांवर मोटरहोमची संख्या फार वाढली आहे. समुद्रकाठी शिंपल्यांच्या वाळूवर उगवलेली जी गवताळ जमीन असते, जिला ‘माखेर’ म्हणतात, ती पाहुण्याला मोकळे मैदान वाटते; प्रत्यक्षात ती कोणाच्या तरी गायरानाचा भाग असते, तिच्यावर टिटव्या घरटी करतात, आणि वरचा गवताचा पापुद्रा चाकाखाली एकदा फाटला की वारा त्याखालची वाळू उडवत नेतो. स्कॉटलंडच्या २००३ च्या जमीन सुधारणा कायद्याने सर्वांना बहुतेक मोकळ्या जमिनीवर जबाबदारीने फिरण्याचा आणि तंबू टाकून राहण्याचा अधिकार दिला आहे, हे खरे. पण तो अधिकार मोटारगाडीला नाही, आणि हे अनेकांना माहीत नसते किंवा माहीत करून घ्यायचे नसते. मागच्या उन्हाळ्यात एका गाडीने शौचालयाची टाकी ओढ्यात रिकामी केली, त्याच ओढ्याचे पाणी खाली दिरांच्या मेंढ्या पीत होत्या. हे ऐकताना मला मान वर करता आली नाही. आमची गाडी त्या गाड्यांसारखीच दिसते.

म्हणून आम्ही काही गोष्टी ठरवून घेतल्या आहेत. मोकळी जागा दिसली म्हणून थांबायचे नाही. विचारायचे, आणि गायरान समितीने किंवा गावाने जी पेटी ठेवलेली असेल तिच्यात पैसे घालायचे. हॅरिस बेटावर वेस्ट हॅरिस ट्रस्टने, म्हणजे जमीन स्वतः विकत घेतलेल्या तिथल्या रहिवाशांच्या संस्थेने, अशा गाड्यांसाठी ठरावीक जागा केल्या आहेत. तिथे दिलेला पैसा त्या भूमीवरच राहतो. शौचालयाच्या टाकीत निळे रसायन घालत नाही, कारण बेटांवरच्या बहुतेक घरांचे मैलापाणी जमिनीतल्या टाकीत जाते आणि ते रसायन तिथले काम करणारे जिवाणू मारते. हिरवे, जिवाणूंना अपाय न करणारे द्रव्य वापरतो, आणि तरीही दिरांच्या घरी सुद्धा विचारल्याशिवाय काही ओतत नाही. एकपदरी रस्त्यावर मागे गाडी आली की पुढच्या रुंद थांब्यावर डावीकडे घेऊन तिला जाऊ देतो, कारण मागचा माणूस बहुधा निसर्ग पाहायला निघालेला नसतो, तो कामावर निघालेला असतो. आणि लुईसवर रविवार हा विश्रांतीचा पवित्र दिवस मानतात, म्हणून त्या दिवशी कपडे दोरीवर वाळत घालत नाही.

त्या मुक्कामात दीर आम्हाला माळरानावरची घरची शीलिंग दाखवायला घेऊन गेले. दगडी झोपडीच्या तीन भिंती शिल्लक होत्या, दाराजवळ भिंतीत दुधाची भांडी ठेवायचा कोनाडा होता, आणि पिढ्यान्‌पिढ्या गुरे बसल्यामुळे भोवतालच्या तपकिरी माळावर तेवढाच तुकडा गर्द हिरवा होता. परतताना थोड्या अंतरावर आणखी एक शीलिंग दिसली, ती अलीकडच्या काळातली होती. कोणीतरी जुन्या बसचा सांगाडा तिथे ओढत आणला होता, आत पलंग आणि शेगडी बसवली होती, खिडक्यांना पडदे लावले होते. यजमान तिच्यासमोर कितीतरी वेळ उभे होते. मग त्यांनी एवढेच विचारले की पुढच्या वर्षी पेटी आणायची म्हटले तर पाणी किती कमी करावे लागेल.

या जूनमध्ये आम्ही ती आणली. घोंगड्या काढल्यावर पेटी तेवीस किलोंची भरली. टाकीत फक्त वीस लिटर पाणी ठेवले, सिलिंडर एकच घेतला, आणि किराणा वाटेत लागेल तसा घेतला. वजनकाट्यावर पावती ३,४६० किलोंची निघाली, ती मी जपून ठेवली आहे. बोटीवर चढताना यजमान मला म्हणाले, “आजी पेटीवरच बसून यायची म्हणे.”

चुलत जाऊबाईंनी पेटी दारातच उघडली, झाकण उजेडात धरून एकेक बंदराचे नाव मोठ्याने वाचले, आणि आतल्या बाजूच्या छोट्या कप्प्यावरून बोट फिरवून ते चाखून पाहिले. मीठ लागत नाही म्हणाल्या. पेटी पुढच्या खोलीत खिडकीखाली ठेवली गेली. दुसऱ्या दिवशी आम्ही शीलिंगच्या रस्त्याला निघालो, तेव्हा दिरांच्या नळावर टाकीत थोडे पाणी भरून घेतले, आणि जाऊबाईंनी मागच्या वर्षी कापून वाळवलेल्या पीटची एक गोणी आणून दिली. यजमानांनी ती दोन्ही हातांनी उचलून अंदाज घेतला, वीस किलो असावी म्हणाले, आणि पलंगाखाली पेटी होती त्याच जागी सरकवून ठेवली.